अक्का, ताण अजून तोडलेला नाही

अक्का, तू मला फसवलंस. मी तुला नाही. गावात आज उलटं बोलतात. कौसल्याबाईनं जावेला उपाशी पाठवलं, पिंडाला कावळा शिवू दिला नाही, असं पारावर बसलेली माणसं म्हणतात आणि मी जवळून गेले की एकदम गप्प होतात. म्हणू देत. बाजारात व्यापारी मला याहून वाईट म्हणतात आणि तरी माल मलाच देतात. पण खरं काय ते तुला ठाऊक होतं, आणि तू तोंड मिटून निघून गेलीस, याचा मला राग आहे. तो आता काढू कुणावर? इतकी वर्षं माझा सगळा राग तुझ्यावरच निघायचा.

तू गेलीस तेव्हा बाग ताणावर होती. तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांनीच काही मोसंबी लावलेली नसते. आंबे बहार धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी मुद्दाम बंद करावं लागतं. पानं मलूल पडतात, वळतात, गळायला लागतात. मग एका दिवशी पाणी सोडायचं, ताण तोडायचा, की झाड अंगभर फुलतं. पाणी बंद कुणीही करील. परत कधी सोडायचं ते ठरवणं अवघड. घाई केली तर नुसता पाला फुटतो, उशीर केला तर झाडच हातचं जातं. आपल्या बागेत ते पहिलं पाणी सोडायचा मान तुझा. मोटार चालू करायला मी असते, पण पाटाची दारं मोडून पाणी वळवायला फावडं तुझ्याच हातात.

तू जायच्या आदल्या दिवशी आपण बांधावर यावरूनच भांडलो. तू एक पान तोडलंस, मुठीत चुरगाळलंस आणि म्हणालीस, "कौसे, उद्या पाणी सोड."

"अजून आठ-दहा दिवस थांबू. जास्त फुटल."

"झाडासंगं बी घासाघीस करतीस व्हय गं? ते काय बाजारातलं गिऱ्हाईक हाय?"

"तुला कामून एवढं लागायलंय? तुझी झाडं थोडीच हायत!"

बोलून गेले आणि वाट बघत राहिले. आता तू माझ्या माहेराचा उद्धार करशील, माझ्या बापाच्या कंजूषपणावर येशील, मग मी तुझ्या भावांवर येईन, आणि शेवटी दोघी एकाच तांब्यातलं पाणी पिऊन घरी जाऊ. असंच व्हायचं नेहमी. तू मात्र पदर खोचलास आणि काठी टेकत निघून गेलीस. उलट उत्तर दिलं नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचोडच्या बाजारात मृग बहाराच्या, पावसाळ्यात फुललेल्या एका बागेचा सौदा करत होते. बागवाला अडून बसला होता. तेवढ्यात तू अंगणात पडल्याचा फोन आला. माझं तोंड बघून त्या माणसाला वाटलं, बाई नाटक करतेय. तो म्हणाला, "बरं बरं, तुमचंच खरं, घ्या बाग." जिंकलेला सौदा तिथंच टाकून मी उठले. शहरातल्या दवाखान्यात पोहोचले तोवर तू संपली होतीस.

मी सासरी आले तेव्हा तुला अहो-जाहो करायचं नाकारलं, म्हणून सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तू म्हणालीस, "म्हणू द्या तिला अरे-तुरे. भांडायला सोपं पडल." आणि भांडायला कारण होतंच. सासऱ्यांनी खोदलेली एक विहीर, दोन भाऊ, मधे बांध. एक दिवस तुझी पाळी, एक दिवस माझी. तुझ्या पाळीला मोटार जरा जास्त चालली की मी बांधावर उभी. माझ्या पाळीला पाटात पाणी झिरपून तुझ्याकडं गेलं नाही की तू उभी. तुमची बाग आधीची, भाऊजींनी लावलेली. आमची मागून. भाऊजी गेले, मग काही वर्षांनी माझा नवरा गेला. एका बांधावर दोन विधवा आणि एक विहीर उरली. धरण आपल्याच तालुक्यात, पण आपलं शिवार चढावर. कालवा आपल्याकडं पाठ करून खाली जातो.

मग तो दुष्काळ आला. माणसांना टँकर, जनावरांना छावणी, झाडांना काहीच नाही. आपण काय काय केलं नाही, अक्का? बुडाशी उसाचं पाचट अंथरलं. खोडांना चुना फासला. प्रत्येक झाडाजवळ मडकं पुरलं, बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घातली, म्हणजे थेंब थेंब मुळाला जाईल. लागलेली बारकी फळं आपल्याच हातांनी तोडून टाकली, निदान झाड तरी जगावं म्हणून. मी तोडताना शिव्या देत होते, तू एकेक फळ ओट्यात जमा करत होतीस, जसं काही ते कुठं न्यायचं होतं. आणि विहीर रोज खाली जात होती. एका सकाळी तू मला काठावर बोलावलंस. दोघी वाकून बघत होतो. तळाला तोंड दिसण्यापुरतं पाणी.

"कौसे, ह्याच्यात एकच बाग हाय," तू म्हणालीस.

मी लगेच कंबर कसली. मला वाटलं, आता ही म्हणणार माझी बाग आधीची, माझ्या नवऱ्यानं लावलेली. मी मनात सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. माझी झाडं तरणी आहेत, अजून वीस वर्षं देतील, तुझी म्हातारी झाली. तू मला बोलूच दिलं नाहीस. माझंच उत्तर मला सांगितलंस.

"तुझी झाडं तरणी हायत. ती ठिवू. माझी तोडते. पण फळ निम्मं माझं."

"कुठवर?"

"माझी बाग पुन्यांदा लागस्तवर."

"पाऊस झाला की लावशील?"

"लावीन की."

"शब्द?"

"शब्द."

मी आयुष्यात हजार सौदे केले असतील. हा एकच असा होता ज्यात मी समोरच्याला एक पैसाही खाली ओढलं नाही. ओढायला जागाच ठेवली नव्हतीस तू.

मी म्हणाले होते, तोडू नकोस, पाणी बंद कर, आपोआप वाळतील. तू म्हणालीस, "वाळस्तवर माझ्याच्यानं बघवणार नाय. एखांद्या दिवशी मी चोरून पाणी घालीन, मग तुझी बी जातील आन् माझी बी." म्हणून हिरवी असतानाच तोडलीस. करवतीवाले आले तेव्हा तू घरात दार लावून बसलीस. लाकडाच्या वखारवाल्याशी बोलायला मी गेले. तो मोसंबीच्या लाकडाला नावं ठेवत होता, ओलं आहे, बारीक आहे, धूर करतं. अक्का, एवढ्या त्वेषानं मी कधी कुणाशी भाव केला नसेल. भर रस्त्यात त्याच्या आईबापापर्यंत गेले. शेवटी तो म्हणाला, "बाई, लाकूड इकतीस का लेकरू?" मी त्याची गाडी अडवून धरली होती. त्या दिवशी तुझ्यासाठी मला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

पाऊस आला. तू झाडं लावली नाहीस. पहिल्या वर्षी म्हणालीस, औंदा नको, जमीन दमलीय. दुसऱ्या वर्षी म्हणालीस, माझे गुडघे दमलेत. तिसऱ्या वर्षी मी स्वतः रोपवाटिकेतून कलमं आणली आणि तुझ्या दारात ओळीनं ठेवली. चार दिवसांनी बघते तर दारात एकही नाही. मला वाटलं लागली एकदाची. मग माझ्याच बागेत फिरताना दिसलं, जिथं जिथं झाड मरून रिकामी जागा पडली होती तिथं तिथं तू ती लावली होतीस. मी बोंबलत तुझ्या घरी आले. तू भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "नांग्या भरल्या. निम्मं फळ माझं हाय, झाडांकडं बगाया नगं का?"

आणि निम्मं फळ तू खरंच घ्यायचीस! पडवीत ताडपत्री अंथरून फळ ओतलं जायचं. ढीग मी घालायचे, निवड तू करायचीस, ही आपली पद्धत. मी एका ढिगाला वरून पिवळीधमक, टपोरी फळं लावायचे आणि बारीक माल खाली दडपायचे. मला वाटायचं, व्यापाऱ्यांना फसवते तर हिला का नाही. तू यायचीस, बाजूला बसायचीस, आणि काठी सरळ ढिगाच्या पोटात घालायचीस. "हे बग, हितं लपून बसलेत सगळे बारके! बाहेर या रं बाबांनो, कौसाबाईनं तुमास्नी कोंडून ठिवलंय." माणसं हसायची. बाजारात मला घाबरणारे लोक गावात म्हणायचे, कौसल्याबाईला खरा व्यापारी भेटला तो तिच्या घरातच. बिना कष्टाचं निम्मं फळ नेते जाव. मी पण तुला तोंडावर फुकटखाऊ म्हणायचे. तुला ते आवडायचं, असं मला वाटतं.

पण विहिरीची पाळी तू पुन्हा कधी मागितली नाहीस. तुझ्या रानात नुसत्या पावसावर येईल ती बाजरी आणि तूर. मी कधी बोलले नाही, पण एक बघितलं होतं. संध्याकाळी तू बांधावर येऊन बसायचीस तेव्हा तोंड नेहमी माझ्या झाडांकडं असायचं. तुझ्या रानाकडं कायम पाठ.

आता सचिनचं ऐक. तुझा लेक आहे, पडेगावात फ्लॅट घेतलाय, शहरातल्या कंपनीत चांगला आहे, मला काकू म्हणतो आणि मान देतो. सावडायच्या दिवशी तो मला म्हणाला, "काकू, आईच्या रानात बोअर घेतो. गाडीवाल्याशी बोललोय, तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी येईल."

मी म्हणाले, "विहिरीच्या वरच्या अंगाला बोअर? विहीर आटंल रं."

"विहिरीचं पाणी तुझंच ना. मी तर माझ्या रानात खोल जातोय. तुझं काय जातं त्यात?"

शेजारच्या शिवारात काय झालं ते त्यालाही दिसतं. बोअर खाली खाली गेले आणि विहिरींमध्ये आता पोरं क्रिकेटचा हरवलेला बॉल शोधायला उतरतात. मी त्याला सांगितलं, दुष्काळापासून ह्या विहिरीवर एकच बाग असं ठरलंय. तो म्हणाला, कुणाचं कुणाशी? मी म्हणाले, तुझ्या आईचं माझ्याशी. तो चिडला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"काकू, असं काही असतं तर आईनं मला सांगितलं असतं की."

मी मनात म्हटलं, आईच्या दुःखात आहे, विसरला असेल. तेव्हाही मला कळलं नव्हतं, अक्का. कळलं ते दहाव्याला, पैठणच्या घाटावर.

गोदावरी समोर भरून वाहत होती. मला तेच डोळ्यांत खुपत होतं. घरी झाडं पानं टाकतायत आणि इथं एवढं पाणी. गुरुजींनी पिंड मांडले. सगळे लांब सरकून उभे राहिले. कावळे होते, झाडावरही होते, कठड्यावरही. एकही खाली येईना. मग सुरू झालं, प्रत्येकानं तुझी इच्छा ओळखायची आणि शब्द द्यायचा. सून म्हणाली, नातीचं शिक्षण पूर्ण करू. कावळा नाही. तुझा भाऊ म्हणाला, भाच्याला अंतर देणार नाही. कावळा नाही. मग सचिन पुढं झाला.

"आई, दुष्काळात वाळलेली तुझी बाग मी परत लावतो. बाबांनी लावली होती तशीच. बोअर घेतो, पाण्याला कमी पडू देणार नाही. तू घे आता."

वाळलेली?

झाडं तोडली तेव्हा तो शहरात वसतिगृहात होता, आणि सुटीला आला तोवर रान मोकळं झालं होतं. म्हणजे तू त्याला सांगितलंस की झाडं वाळली. आणि इतकी वर्षं तेच सांगत राहिलीस.

एक कावळा कठड्यावरून खाली उतरला, दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून आपल्या पिंडाकडं बघितलं आणि शेजारच्या लोकांच्या पिंडाकडं गेला. मी त्यातून काही अर्थ काढत नाही. तिकडं त्यांनी जिलेबी ठेवली होती.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"कौसल्याबाई, म्हना की, इहिरीवरून भांडणार नाय म्हणून!"

"बोअरला आडवी येणार नाय म्हना. जीव तिथंच घुटमळायलाय तिचा."

"एक शब्द बोलायला काय जातं वो? ऊन व्हायलंय, म्हातारी माणसं उपाशी हायत."

गुरुजीही म्हणाले, "बाई, वेळ टळते आहे."

माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. सचिन, घे बोअर, असं म्हणायचं, म्हणजे ज्या झाडांसाठी तू तुझी झाडं तोडलीस ती मारायची. नाहीतर तुझ्या पिंडासमोर, चार माणसांत, तुझ्या लेकाला सांगायचं की बाबा, तुझ्या बापाची झाडं वाळली नव्हती, तुझ्या आईनं ती हिरवी तोडली, आणि माझ्यासाठी तोडली. मी बोलण्यावर पोट भरते, अक्का. त्या दिवशी मला एक शब्द फुटला नाही. तू वरून बघत असशील तर तुला मजा वाटली असेल. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. जाताना सचिन एवढंच म्हणाला, "काकू, एक शब्द बोलली असतीस तर."

घरी येऊन मी तुझ्या बांधावर बसले, तुझ्या जागेवर. आठवत बसले की तू त्याला असं का सांगितलंस. तो बापाच्या खांद्यावर बसून त्या झाडांत फिरलेला. खरं कळलं असतं तर त्यानं माझं तोंड बघितलं नसतं. की तुझं? तू मला वाचवलंस का स्वतःला? हे मला कधी विचारायला मिळालं नाही, कारण खोटं बोलली आहेस हेच मला ठाऊक नव्हतं. आणि मग समोर ते खुंट दिसलं.

सगळी खुंटं उपटून तू ते एक ठेवलं होतंस, शेळी बांधायला. दर पावसाळ्यात त्याला बुडातून फुटवे यायचे आणि तू ते अंगठ्यानं मोडून टाकायचीस. मला वाटायचं, अक्काला रान स्वच्छ लागतं. आता कळलं, तू काय मोडत होतीस. वाळून मेलेल्या झाडाला फुटवे येत नाहीत. औंदा पावसाळ्यात तुझा गुडघा धरला, तू तिकडं गेली नाहीस, आणि ते खुंट काट्यांच्या हिरव्या फांद्यांनी भरून गेलंय. कमरेएवढ्या झाल्यात.

आज सकाळी सचिन बोअरची जागा दाखवायला आला. मी बांधावरच होते. तो त्या खुंटाजवळ थांबला. खाली बसला. फांद्या बाजूला करून बुडाशी करवतीचा सपाट काप होता त्यावरून त्यानं हात फिरवला. बराच वेळ. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकू, हे झाड वाळलं होतं ना?"

मी म्हणाले, "तुझ्या आईला इचार."

तो उठला आणि घराकडं गेला. गाडीवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला नाही. या म्हणूनही केला नाही.

तोंडानं मला सांगवलं नाही, म्हणून हे लिहिलं. तो वाचील. पण मी सांगितलं तर तो म्हणणार, काकू सौदा करतेय, विहीर वाचवायला माझ्या मेलेल्या आईच्या तोंडी शब्द घालतेय. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी आयुष्यभरात केलंय तरी काय? ज्या एका बाईला माझ्या ढिगात खाली काय आहे ते ठाऊक असायचं, ती नाही.

माझ्या दोन्ही पोरींचे सासरहून फोन येतात, जेवलीस का विचारतात. जेवते. पण आता फळ निघेल तेव्हा ढीग कुणासाठी घालू? बारीक माल खाली दडपला तर काठी घालायला कोण येणार?

सुतक फिटलंय. पानं रोज गळतायत. तू म्हणाली होतीस त्या दिवशी पाणी सोडलं असतं तर आज कळ्या दिसल्या असत्या, हे मी तुला तोंडावर कधीच कबूल केलं नसतं. मोटार चालू करायला मी उभी आहे. फावडं तुझ्या पडवीत आहे, मी त्याला हात लावलेला नाही. उद्या तेरावं. परवा सकाळी गाडी तुझ्या रानात येऊन उभी राहील आणि तुझा लेक त्या खुंटाकडं बघत असेल. झाडं तू तोडलीस. शब्द तू दिलास. खोटं तू बोललीस. त्यानं विचारलंय, अक्का. उठ आणि जबाब दे.